भरून काढलेले श्वास

फाटकावरचा दिवा आजही पिवळाच लागला.

संदेश तेरवणकरने काचेवरून तळहात उचलला, पँटला पुसला आणि पुन्हा टेकवला. पुन्हा पिवळा. खाली बारीक अक्षरांत आकडा आला : बहात्तर. चौकीतला रखवालदार रोजच्यासारखा समोरच्या कागदांत काहीतरी शोधू लागला, म्हणजे त्याला संदेशच्या तोंडाकडे बघावं लागू नये. डावीकडची वाट क्रेनकडे जायची, उजवीकडची भांडारगृहाकडे. गेले एकेचाळीस दिवस संदेश उजवीकडे वळत होता.

देवखोल बंदरात तो तेवीस वर्षं क्रेन चालवत होता. जमिनीपासून चाळीस मीटर उंचीवर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, पायांखालच्या काचेतून जहाजाच्या पोटात बघायचं आणि तीस-तीस टनांचे कंटेनर उचलून अलगद ट्रेलरवर ठेवायचे. त्याच्यासारखा हात बंदरात दुसऱ्या कुणाचा नाही, असं खालची माणसं म्हणायची. पण एका भर दुपारी, कंटेनर हवेत लटकत असताना, त्याचे डोळे मिटले. किती वेळ, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. हेडफोनमधून खालचा सिग्नलमन त्याचं नाव घेऊन ओरडत होता, एवढंच आठवत होतं. डोळे उघडले तेव्हा कंटेनर ट्रेलरवर नव्हता, डबा खात बसलेल्या तिघांच्या डोक्यावर होता. कुणाला काही झालं नाही. पण त्या तिघांपैकी एकाने मान वर करून ज्या नजरेने बघितलं, ती नजर संदेशबरोबर घरी आली.

तपासणीत निघालं ते असं : झोपला की त्याच्या घशातले स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, आणि गुदमरून मेंदू त्याला अर्धवट जागा करतो. तासाला सेहेचाळीस वेळा. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नसे. आपण आठ तास झोपलो, असंच त्याला वाटायचं.

अवजड यंत्रं चालवणाऱ्यांपैकी ज्यांना झोपेचा आजार निघेल, त्यांच्यासाठी निद्रांकाचा नियम येऊन दोन वर्षं झाली होती. झोप किती खोल, किती सलग, किती वेळा मोडली, याची सात दिवसांची सरासरी काढून शंभरपैकी गुण. ऐंशीच्या वर हिरवा दिवा, खाली पिवळा. संदेशला सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासाची वाट हवेने उघडी ठेवणारं यंत्र, मिळालं तेव्हा त्याचा निद्रांक एकतीस होता. हे सीपॅप जुन्या यंत्रांसारखं एकाच जोराने हवा ढकलणारं नव्हतं. ते माणसाचा श्वास शिकायचं, घसा बंद होण्याच्या जरा आधी ओळखायचं आणि तेवढ्यापुरता हवेचा दाब वाढवायचं. नाकावरचा मुखवटा आणि त्याची लांब नळी बघून संदेशची बायको विशाखा त्याला ‘सोंड’ म्हणू लागली. सोंड लावल्यावर नऊ दिवसांत निद्रांक एकतीसवरून बहात्तरवर आला. दहाव्या दिवशीही बहात्तर. विसाव्या दिवशीही.

संदेशने सगळं करून बघितलं. मुखवटा दोनदा बदलला. हनुवटीला पट्टा बांधला. जेवण साडेसातलाच उरकू लागला, कुशीवर झोपू लागला, दुपारचा चहा सोडला. आकडा एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर आणि परत बहात्तर.

“मला काय वाटतं,” तो एकदा सकाळी चहा घेताना म्हणाला, “हे मशीनच खोटं बोलतंय. मी सरळ सहा तास झोपलो. मला कळतं ना.”

“तुम्हाला आधीही तसंच वाटायचं,” विशाखा म्हणाली.

तो कप विसळायला उठला.

विशाखा बंदराच्या वसाहतीतल्या पोस्टात होती. मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात दोघंच. हल्ली विशाखाचेही डोळे ओढल्यासारखे दिसायचे. त्या महिन्यात तिने वरच्या वाडीची पार्सलं दोनदा खालच्या वाडीला पाठवली होती. चोवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. यंत्राच्या आवाजाने तिला झोप लागत नसेल, असं संदेशला वाटलं. त्याने तसं विचारलंही.

“आवाज कुठाय त्याला?” ती म्हणाली आणि डबे भरायला उठली.

दीड महिना उलटल्यावर दोघं रत्नागिरीला डॉ. तबस्सुम मुकादम यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना सारखा चष्मा वर सारणाऱ्या. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर संदेशच्या रात्री एकाखाली एक मांडल्या.

“श्वास थांबणं जवळपास संपलंय,” त्या म्हणाल्या. “तासाला दीड-दोन. एवढं कुणाचंही होतं. म्हणजे उपचार लागू पडलेत.”

“मग बहात्तर का?”

“कारण तुम्ही जागे होताय. रात्रीत अठरा-एकोणीस वेळा. पूर्ण जागे नाही, पण झोप वर येते. आणि श्वासामुळे नाही. पाय हलतात का बघितलं, ते नाही. आम्लपित्त बघितलं, तेही नाही. मी यंत्राला विचारलं, तर ते म्हणतं, कारण अज्ञात.” त्यांनी चष्मा सारला. “पण मला काल एक विचित्र गोष्ट दिसली. हे बघा.”

पडद्यावर एक रेघ सपाट चालली होती आणि मध्येच तिच्यात बारीक खड्डा पडला होता. पुढे तसाच दुसरा. तिसरा.

“मुखवट्याला समोर बारीक भोकं असतात ना, उच्छ्वास बाहेर जायला? त्यातून हवा सारखी बाहेर पडत असते. प्रत्येक वेळी जाग येण्याच्या आधी ही भोकं अर्धवट बंद होतायत. सात-आठ सेकंद. मग उघडतात, आणि तुमची झोप मोडते.” डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. “घरात मांजर आहे का?”

“नाही,” संदेश म्हणाला. “पांघरूण येत असेल.”

“पांघरूण वीस-पंचवीस मिनिटांनी नेमानं येईल का?”

संदेश गोंधळून पडद्याकडे बघत राहिला. विशाखाने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“माझं बोट असतं ते,” ती म्हणाली.

संदेशने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“हे घोरायचे ना,” ती डॉक्टरांशी बोलत होती, संदेशकडे न बघता. “सतरा वर्षं घोरतायत. लोकांना वाटतं, घोरण्यानं बायकोची झोप जाते. मला घोरणं चालू असलं की झोप लागायची. थांबलं की जाग यायची. मग मी वाट बघायची. पाच मोजायचे, दहा मोजायचे, कधी वीस. नाही आला श्वास, तर कोपरानं ढोसायचं. की मग ते मोठ्ठा श्वास घ्यायचे आणि परत सुरू. आता काही आवाजच नाही. काळोखात कळतच नाही मला. मग बोट लावून बघते, वारा येतोय का.”

“वारा तर सतत येणार,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

“तेच ना! श्वास यांचा आहे की मशीनच वारा सोडतंय, ते कळायला जरा वेळ बोट ठेवावं लागतं.”

संदेशला काय वाटलं, हे त्यालाच नीट उमगलं नाही. आधी राग आला : दीड महिना भांडारगृहात नटबोल्ट मोजले, ते हिच्या बोटापायी. त्यामागोमाग दुसरंच काहीतरी आलं, आणि त्याला शब्द सापडेना. सतरा वर्षं शेजारी कुणीतरी आपले श्वास मोजत होतं आणि आपल्याला त्याचा गंधही नव्हता.

“मला सांगायचंस तरी,” तो परतीच्या वाटेवर म्हणाला.

“काय सांगू? तुम्ही मरताय का ते रोज तपासते, म्हणून?”

डॉक्टरांनी आधी वेगळ्या खोल्यांत झोपून बघायला सांगितलं. चार दिवसांत विशाखाचे इतके हाल झाले की पाचव्या दिवशी ती पोस्टात टेबलावर डोकं ठेवून झोपली आणि पोस्टमास्तरांनी संदेशला बोलावून घेतलं. मग डॉक्टरांनी दुसरा उपाय सुचवला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नुकतीच एक सोय आणली होती, तिचं नाव ‘सोबत’. जोडीदाराने कानात हरभऱ्याएवढी एक कर्णिका घालायची. रुग्णाचा श्वास जसा चालेल तसा तिच्यात आवाज होतो. आवाज हवा तो निवडता येतो, लाटांचा, पंख्याचा, कशाचाही.

“यांच्या घोरण्याचा मिळेल?” विशाखाने विचारलं.

पहिल्या तपासणीच्या रात्रीचं ध्वनिमुद्रण दवाखान्यात होतं. डॉक्टरांनी ते यंत्रात घातलं आणि कर्णिका विशाखाच्या हातात दिली. तिने ती कानात घातली. क्षणभर तिचा चेहरा कोरा होता, मग ती हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

“कसं वाटतं?” संदेशने विचारलं.

“बैलगाडी चढावर निघाल्यासारखं,” ती म्हणाली. “बंद नका करू.”

त्या रात्री दोघंही झोपली. सकाळी सात वाजता विशाखा दचकून उठली, तोवर दूधवाला बेल वाजवून कंटाळून निघून गेला होता. आठवड्याच्या शेवटी निद्रांक एकोणऐंशी झाला. दोन दिवसांनी ब्याऐंशी. फाटकावरचा दिवा हिरवा झाला तेव्हा चौकीतला रखवालदार बाहेर आला आणि त्याने संदेशचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

तो वर चढला. केबिनमध्ये कुणीतरी त्याची खुर्ची वर करून ठेवली होती, ती त्याने खाली घेतली. समोर खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलत होता, तिथे दोन होड्या डुलत होत्या. त्याने पहिला कंटेनर उचलला, जरुरीपेक्षा हळू, आणि ट्रेलरवर इतका अलगद ठेवला की खालच्या सिग्नलमनने मुद्दाम विचारलं, “टेकला काय?”

पुढचे तीन आठवडे चांगले गेले. विशाखाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली. ती काम करताना गुणगुणू लागली. एकदा आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, “अहो, मी अशी दिसायचे हे मी विसरलेच होते.”

मग तो रविवार आला.

जेवण झाल्यावर दोघं आडवी झाली. दुपारची झोपही निद्रांकात धरली जाते, म्हणून संदेशने सोंड लावली, विशाखाने कर्णिका घातली. अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरचे गुरव पंप बिघडला म्हणून संदेशला हाक मारायला आले. त्याने मुखवटा काढून उशीवर ठेवला, विशाखाची झोपमोड होऊ नये म्हणून दार लोटून घेतलं आणि खाली गेला. पंप दुरुस्त करून वर आला तेव्हा पाच वाजत आले होते. ती अजून झोपलेलीच होती. त्याने चहा ठेवला.

विशाखा जागी झाली तेव्हा तिच्या कानात संदेश शांतपणे घोरत होता. ती तशीच डोळे मिटून पडून राहिली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. चोर, असं तिच्या मनात आलं. तिने शेजारी हात टाकला, संदेशला उठवायला. हाताला चादर लागली. ती धावत स्वयंपाकघराच्या दारात आली. संदेश ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता आणि तिच्या उजव्या कानात बैलगाडी चढाव चढत होती.

“तुम्ही इथे?” ती म्हणाली.

“तासभर झाला. गुरवांचा पंप... काय झालं?”

“तुम्ही घोरताय.”

त्याला वाटलं, ती झोपेत आहे. तिने कर्णिका काढून त्याच्या कानाला लावली. आपलंच घोरणं ऐकत, हातात गाळणी धरून, संदेश उभा राहिला. आतल्या खोलीत यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. मुखवटा काढला की ते आपोआप बंद होतं. घोरणं मात्र चालू होतं. मध्येच जरा अडखळत होतं, कूस बदलावी तसं, आणि पुन्हा लय धरत होतं.

चहा तसाच राहिला. दोघं खोलीत गेली. संदेश आडवा झाला, सोंड लावली. “आता मी श्वास रोखतो,” मुखवट्याआडून तो म्हणाला, “थांबला की सांग.”

तो मनात मोजू लागला. दहा. वीस. छातीत कळ येऊ लागली. तीस. विशाखा पलंगाच्या कडेला बसून, डोकं तिरपं करून ऐकत होती. चाळीसला त्याने तोंड उघडलं आणि हवा आत ओढली.

“कधी थांबलं?”

“नाही थांबलं,” ती म्हणाली. “छान चाललं होतं.”

दुसऱ्या दिवशी डॉ. मुकादमांनी दोघांना समोर बसवून कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. माणूस सौजन्याने बोलत होता. यात बिघाड काही नाही, तो म्हणाला. दोघांचीही झोप सलग राहावी, हे ‘सोबत’चं काम. पहिल्या काही रात्री तिने खरे श्वास जसेच्या तसे पोचवले. मग तिच्या लक्षात आलं की आवाजात खंड पडला की जोडीदार जागा होतो, आणि जोडीदार जागा झाला की रुग्ण जागा होतो. म्हणून ती खंड भरून काढायला शिकली.

“आणि खरंच श्वास थांबला तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“जागेपणी रोखलेला श्वास यंत्र सोडून देतं, मॅडम, पण झोपेत थांबला तर तीन सेकंदांत दाब वाढवतं. तरी नाही आला तर भोंगा वाजतो, रुग्णवाहिकेला निरोप जातो. माणसाला कळायच्या कितीतरी आधी.”

“माणसाला कळणारच नाही, असं केलंयत तुम्ही,” डॉक्टर म्हणाल्या. पलीकडून, मॅडम, हे माहितीपत्रकात दिलेलं आहे, असं उत्तर आलं. फोन ठेवून त्यांनी टेबलाच्या खणातून माहितीपत्रक काढलं. “मी ते वाचलं होतं,” त्या म्हणाल्या. “‘ध्वनिसातत्य राखले जाते’ असं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात याचा हा अर्थ आलाच नाही.”

ही सोय बंद करून खरे श्वास तेवढे ऐकू येतील असं करता येत होतं. फक्त पडद्यावरच्या चौकटीतली एक खूण काढायची होती. पण खंड पडले की विशाखा जागी होणार, आणि निद्रांक पुन्हा ऐंशीखाली येणार.

“खूण काढा,” संदेश लगेच म्हणाला.

“नको,” विशाखा म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. तो तिच्या बाजूने बोलला होता, निदान त्याला तरी तसं वाटलं होतं.

“तुमची क्रेन जाईल,” ती म्हणाली.

“जाऊ दे. मला खोटं नको.”

“तुम्हाला नको!” तिचा आवाज चढला. “तुम्ही कधी ऐकलंत? खरंही तुम्ही ऐकलं नाहीत आणि खोटंही नाही. ऐकायला मी आहे. सतरा वर्षं मी एक डोळा उघडा ठेवून झोपले. या तीन आठवड्यांत पहिल्यांदा...” ती थांबली. “डॉक्टर, खरं सांगा. मी ढोसत होते, त्याचा काही उपयोग होता का?”

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. “थोडा होता. पण यंत्र तुमच्यापेक्षा फार चांगलं राखतं. ते झोपत नाही.”

“ऐकलंत?” विशाखा संदेशला म्हणाली. हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि का, ते तिला सांगता येईना.

त्या दिवशी दोघं बसने घरी परतली. खाडीपुलावर बस थांबली असताना संदेश म्हणाला, “तू जागी असायचीस, हे मला आता कळलंय. त्याआधी मी कसाही झोपलो असतो. आता कुणीच जागं नाही म्हटल्यावर मला भीती वाटते. वेडेपणा आहे, ठाऊक आहे मला.”

“मशीन असतं की जागं.”

“असतं.”

“मग?”

“तेच मलाही कळत नाही,” तो म्हणाला.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. निद्रांक आठवड्याच्या सरासरीवर ठरत असल्याने ते जमण्यासारखं होतं. कामाच्या आदल्या रात्री भरलेले श्वास, सुट्टीच्या आदल्या रात्री खरे. खऱ्या रात्री विशाखा पाच-सहा वेळा उठायची, संदेशचीही झोप मोडायची, सकाळी दोघं चिडचिडी असायची आणि उशिरापर्यंत चहा पीत बसायची. सरासरी एक्क्याऐंशीवर राहिली. दिवा हिरवा लागत राहिला. एवढं झालं तरी कधीकधी, खरी रात्र असतानाही, विशाखाला वाटायचं की एक श्वास जरा जास्तच वेळेवर आला. संदेशला ती ते सांगत नसे.

तीन महिन्यांनी तपासणीसाठी ते पुन्हा दवाखान्यात गेले. संदेश आत होता, विशाखा बाहेर बाकावर बसली होती. शेजारी तिशीच्या आतबाहेरची एक बाई येऊन बसली. तिचा नवरा मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. त्याला यंत्र मिळून महिना झाला होता आणि त्याचा आकडा अडुसष्टवर अडकला होता. बाईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. डॉक्टरांनी दिलेली डबी तिने मुठीत धरली होती. तिने ती उघडून आतली कर्णिका विशाखाला दाखवली.

“ताई, तुम्ही वापरता ना ही? आतल्या सिस्टर म्हणाल्या.”

“हो.”

“डॉक्टरांनी सगळं समजावलं. खंड भरतात ते पण सांगितलं. मला त्यातलं अर्धंच कळलं.” बाई कसनुशी हसली. “एवढंच सांगा. झोप लागते का हो?”

“लागते,” विशाखा म्हणाली. “खूप छान लागते.”

बाईने सुस्कारा सोडला. डबी मिटली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून ती पुन्हा विशाखाकडे वळली.

“मग घालू ना, ताई?”

आतून संदेशचा आवाज आला, कुणीतरी हसलं. विशाखा त्या बाईच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हो म्हणावं की नाही, हे तिला कितीतरी वेळ ठरवता आलं नाही.